एगॉन आयरमानच्या इमारती, खुर्च्या आणि ते फुलीचं टेबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टुटगार्टजवळ राहायला आल्यापासून माझ्याकडे एक काळ्या पाइपांचं टेबल आहे, एगॉन आयरमान या जर्मन आर्किटेक्टचं. भारतातून पाहुणे आले की त्यातला एकतरी जण चहाचा कप बाजूला ठेवून टेबलाखाली वाकतो आणि विचारतो, "ही फुली कशाला?" तिथून गप्पा त्याच्याच बर्लिनच्या निळ्या चर्चपर्यंत जातात. पुण्या-मुंबईहून इकडे आर्किटेक्चर शिकायला आलेली मुलं आणखी खोलात शिरतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी लिहूनच काढले.

हा आयरमान नक्की कोण?

एगॉन आयरमान हा जर्मन आर्किटेक्ट. जन्म २९ सप्टेंबर १९०४, पॉट्सडामजवळच्या नॉयेनडॉर्फचा. मृत्यू १९ जुलै १९७०, बाडेन-बाडेनला. दुसऱ्या महायुद्धात राख झालेला पश्चिम जर्मनी पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा कसा असावा, हे ज्या मोजक्या लोकांनी ठरवलं त्यांत याचं नाव फार वर आहे. कारखाने, दुकानं, चर्च, दूतावास, खासदारांची कचेरी, सगळं त्याने बांधलं. शिवाय खुर्च्या आणि टेबलं. १९४७ पासून अखेरपर्यंत तो कार्ल्सरुहेच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक होता, त्यामुळे आर्किटेक्टांची एक अख्खी पिढी त्याच्या हाताखालून गेली.

नावाचा उच्चार काय करायचा?

आयरमान. जर्मनमध्ये 'आय' म्हणजे अंडं आणि 'आयर' म्हणजे अंडी, तेव्हा शब्दशः घेतलं तर अंडेवाला. जर्मन मंडळींना यात हसू येण्यासारखं काही राहिलेलं नाही. आपल्याला येतं.

म्हणजे हा बाउहाउसचा, त्या गाजलेल्या जर्मन डिझाइन शाळेचा, विद्यार्थी होता का?

नाही. पोलादी पाइपची खुर्ची दिसली की आपल्याकडे सरसकट 'बाउहाउस' म्हणायची सवय आहे, तशीच ही चूक होते. आयरमान १९२३ ते १९२७ या काळात बर्लिन-शार्लोटेनबुर्गच्या तांत्रिक विद्यापीठात शिकला आणि तिथे तो हान्स पोल्त्सिगचा विद्यार्थी होता. पोल्त्सिग हा वेगळ्याच वळणाचा माणूस, नाट्यमय आकारांत रमणारा. आयरमानच्या काटेकोर, बारीक रेषांच्या कामात गुरूचं नाट्य पटकन सापडत नाही. पण बर्लिनच्या चर्चमध्ये संध्याकाळी उभं राहिलं की शंका येते.

शिक्षण झाल्यावर त्याने आधी कार्श्टाट या डिपार्टमेंट स्टोअरच्या बांधकाम विभागात आणि मग बर्लिनच्या वीज कंपनीत नोकरी केली. दुकानं आणि यंत्रांच्या इमारती त्याच्या हातात तेव्हापासूनच्या.

नाझी काळात तो काय करत होता?

हा प्रश्न विचारायलाच हवा. ग्रोपियस, मीस, मेंडेलसोन असे नावाजलेले आर्किटेक्ट देश सोडून गेले. आयरमान राहिला आणि काम करत राहिला. सरकारी इमारतींना तेव्हा जाड दगडी खांब आणि दरारा हवा असे, पण कारखान्यांच्या बाबतीत तेवढा आग्रह नव्हता. तिथे काच, पोलाद, सपाट छत चालून जाई. आयरमानने ती फट पकडली. आपोल्डा गावातली अग्निशामक उपकरणांची फॅक्टरी, एक जुनी विणकाम गिरणी वाढवून १९३८-३९ मध्ये केलेली, आजही उभी आहे. गच्चीवर जहाजाच्या डेकसारखी मोकळी जागा आहे. स्वस्तिकांच्या दिवसांत बांधलेली ती इमारत आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

पण एवढंच सांगून थांबलं तर ती अर्धी गोष्ट होईल. १९३७ मध्ये बर्लिनला 'मला चार वर्षं द्या' या नावाचं सरकारी प्रचारप्रदर्शन भरलं होतं, आणि त्याची मांडणी आयरमानने केली होती. त्याच्या चाहत्यांच्या बोलण्यात आपोल्डा नेहमी येतं, हे प्रदर्शन क्वचित.

युद्धानंतर सुरुवात कुठून झाली?

एका खेड्यातून. १९४५ मध्ये बर्लिनहून निघून तो ओडेनवाल्ड या डोंगराळ भागातल्या बुखेनला, वडिलांच्या मूळ गावी आला. शेजारच्या हेटिंगेन गावात पूर्वेकडून हाकलून दिलेली जर्मन कुटुंबं येऊन पडली होती. तिथल्या हाइनरिश माग्नानी या धर्मगुरूने त्यांच्यासाठी घरं बांधायचा ध्यास घेतला आणि आराखडा आयरमानकडे आला. उतरत्या छपरांची, साधीसुधी छोटी घरं. पुढे काच आणि पोलादासाठी जगभर गाजलेल्या माणसाने युद्धानंतर पहिल्यांदा हात घातला तो या निर्वासितांच्या वसाहतीला. त्यातलं एक घर आता लोकांना बघण्यासाठी जपलंय.

मग आलं ब्लुमबेर्ग. स्विस सीमेजवळच्या या गावात १९४९ ते १९५१ मध्ये त्याने हातरुमाल विणण्याची गिरणी बांधली. बाहेरच्या भिंतीला काय लावलं? सिमेंटचा पन्हाळी पत्रा. आपल्याकडे गोठ्यावर आणि एमआयडीसीतल्या शेडवर असतो तोच प्रकार. पत्र्याच्या पन्हळी, खिडक्यांच्या पट्ट्या आणि यंत्रघराचे भाग यांचं माप त्याने असं जुळवलंय की तो पत्रा दीनवाणा वाटत नाही. स्वस्त माल लपवायचा नाही, नीट वापरायचा.

बर्लिनच्या त्या फुटक्या मनोऱ्याशेजारचं चर्च त्याचंच ना? मग मनोरा त्याने का ठेवला?

त्याने ठेवला नाही. त्याला ठेवावा लागला.

कायझर विल्हेल्म स्मृती चर्च मूळचं १८९१ ते १८९५ मध्ये बांधलेलं, आर्किटेक्ट फ्रान्त्स श्वेश्टेन. मनोऱ्याची उंची ११३ मीटर. २३ नोव्हेंबर १९४३ च्या हवाई हल्ल्यात ते जळालं आणि मनोऱ्याचा वरचा भाग तुटून अणकुचीदार टोकं राहिली. पन्नासच्या दशकात नव्या चर्चसाठी स्पर्धा झाली, ती १९५७ मध्ये आयरमानने जिंकली. त्याच्या आराखड्यात जुना मनोरा नव्हता. सगळं पाडून तिथे नवं, स्वच्छ, आजच्या काळाचं चर्च, असा त्याचा हिशेब.

बर्लिनकर खवळले. हे शहर तोवर इतकं उद्ध्वस्त झालं होतं की ओळखीची म्हणावी अशी ती एकच खूण पश्चिम भागात उरली होती. लोक तिला 'पोकळ दात' म्हणायचे, पण आपल्या तोंडातला दात तो. वर्तमानपत्रांकडे पत्रांचा पाऊस पडला. आयरमान आधी अडून बसला, चिडला, आणि मग मुकाट्याने पुन्हा कागद पुढे घेतला. आता ७१ मीटरचा भग्न मनोरा मध्ये, आणि त्याच्या भोवती चार नव्या इमारती: अष्टकोनी चर्च, षटकोनी घंटामनोरा, एक प्रार्थनाघर आणि एक दालन. चर्चची प्रतिष्ठापना १७ डिसेंबर १९६१ रोजी झाली. त्याच्या चारच महिने आधी बर्लिनची भिंत उभी राहिली होती.

लोकांनी नव्या जोडीलाही नाव ठेवलं: 'लिपस्टिक आणि पावडरचा डबा'. घंटामनोरा ५३.५ मीटर उंच आणि किडकिडीत, चर्च ३५ मीटर रुंद आणि साडेवीस मीटर उंच. नाव चपखल आहे, बघितल्यावर विसरता येत नाही.

मला विचाराल तर आयरमानचं सर्वांत मोठं काम हेच, आणि ते त्याच्या मनाविरुद्ध झालं. तो जुना दात मध्ये नसता तर हे चर्च चांगलंच असतं, पण लोक त्याच्यासाठी बर्लिनला गेले नसते.

बाहेरून तर करड्या सिमेंटचं खोकं दिसतं. आत एवढं काय आहे?

दिवसा बाहेरून पाहणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. मीही म्हणालो होतो. समोर कुरफ्युर्स्टेनडामचा रस्ता, बस, हॉर्न, सॉसेजच्या गाड्या. दार ढकलून आत गेलं की पहिल्यांदा कानांना कळतं: आवाज गेला. मग डोळ्यांना कळतं, सगळं निळं आहे.

भिंत म्हणजे काँक्रीटच्या चौरस खणांची जाळी. प्रत्येक खणात जाड काचेचे तुकडे बसवलेत. ते फ्रान्समधल्या शार्त्रच्या गाब्रिएल ल्वार या काच-कारागिराच्या कार्यशाळेत तयार झाले. एकूण खण २१,२९२. काच पत्र्यासारखी पातळ नाही, चांगली बोटभर जाड आहे, आणि तिच्या कडा हातोडीने टवके उडवून फोडलेल्या आहेत. जवळ जाऊन बघा, प्रत्येक तुकड्याची कड खडीसाखरेसारखी चमकते. गुळगुळीत कापली असती तर उजेड सरळ आरपार गेला असता. या टवक्यांमुळे तो आतल्या आत फुटतो. निळ्यात मधूनच लाल, हिरव्या, पिवळ्याचे ठिपके आहेत, अगदी थोडे.

आता शांततेचं गुपित. भिंत एक नाही, दोन आहेत, एकात एक. मध्ये २.४५ मीटरची पोकळी. त्या पोकळीने रस्त्याचा आवाज गिळला जातो, आणि तिच्यातच दिवे आहेत. म्हणून बाहेर अंधार असला तरी आतली निळाई उजळलेली असते आणि रात्री तेच करडं खोकं रस्त्यावरून निळ्या कंदिलासारखं दिसतं. शक्य असेल तर दोनदा जा, एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर. प्रवेश मोफत आहे.

वेदीवर तरंगता ख्रिस्त आहे, कार्ल हेमेटर या शिल्पकाराचा. ४.६० मीटर उंच, तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचा, वजन सुमारे ३०० किलो. खाली बघायला विसरू नका: जमिनीवर गोल गोल फरश्या आहेत. आणि बसायला बाक नाहीत, सुट्या खुर्च्या आहेत. त्याही आयरमानच्या.

काचेच्या जाळीची कल्पना त्याला बर्लिनमध्येच सुचली का?

नाही, तालीम आधी झाली होती, फोर्त्सहाइममध्ये. २३ फेब्रुवारी १९४५ च्या हल्ल्यात हे सोनारांचं शहर वीस-पंचवीस मिनिटांत भुईसपाट झालं, १७ हजारांहून जास्त माणसं गेली. तिथल्या मॅथ्यू चर्चच्या भिंतींसाठी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आयरमानने काँक्रीटचे पोकळ ठोकळे वापरले आणि त्यांत रंगीत काच बसवली. ठोकळ्यांसाठी शहराचाच राडारोडा दळून घेतला होता. बर्लिनपेक्षा हे चर्च खूप लहान, गावकीचं, आणि सगळीकडे रंगांची सरमिसळ. गर्दी अजिबात नसते. स्टुटगार्ट ते कार्ल्सरुहे रेल्वेमार्गावरच फोर्त्सहाइम लागतं.

त्याच्यावर लोकांचा राग आहे असं ऐकलं. कशावरून?

शॉकेनवरून. स्टुटगार्टमध्ये आजही हा विषय निघाला की जुनी माणसं मान हलवतात.

एरिश मेंडेलसोनने १९२६ ते १९२८ मध्ये तिथे शॉकेन हे डिपार्टमेंट स्टोअर बांधलं होतं. कोपऱ्यावर काचेचा अर्धगोल जिना, रात्री आतून उजळणारा. आर्किटेक्ट ज्यू, मालक ज्यू. नाझींनी मालकी हिसकावली, दोघांनाही देश सोडावा लागला. इमारत मात्र बॉम्बहल्ल्यांतूनही दुरुस्त करण्याजोगी वाचली. आणि मग १९६० मध्ये, शांततेच्या काळात, जगभरातल्या आर्किटेक्टांचा विरोध असताना, ती पाडली गेली. कारणं रस्तारुंदी आणि नवं दुकान. तिच्या जागी जे दुकान आलं ते आयरमानचं.

पाडायचा निर्णय त्याचा नव्हता, शहराचा आणि मालकाचा होता. पण काम त्याने घेतलं. बर्लिनमध्ये त्याला लोकांनी अडवलं, स्टुटगार्टमध्ये अडवू शकले नाहीत. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघावीत, वर्षंही जवळजवळ तीच आहेत.

'होर्टेन टाइल' म्हणतात ती याच दुकानांवरची का?

हो, तिचा उगम याच दुकानांच्या मालिकेतला. होर्टेन या दुकान-साखळीच्या बिनखिडकीच्या भिंतींवर चढवलेल्या चौरस टाइल, बाजू साधारण अर्धा मीटर, आकार इंग्रजी 'एच' ची आठवण करून देणारा. आधी सिरॅमिक, मग अॅल्युमिनियम. तिला बरेच जण 'आयरमान टाइल' म्हणतात, पण श्रेय कंपनीच्या आर्किटेक्टचं की आयरमानचं यावर वाद आहे. एका शहरात ती जाळी छान दिसली असेल. प्रत्येक शहरात तीच लावल्यावर जर्मन लोकांना तिचा वीट आला, आणि बऱ्याच ठिकाणी ती उतरवलीही गेली.

त्याच्या उंच इमारतींना बाहेरून गॅलरी आणि बारीक दांडे का असतात?

हा आयरमानचा खरा हातखंडा. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला तो लगेच कळतो, कारण खोलीबाहेरची गॅलरी किती कामाची असते हे त्याला शिकवावं लागत नाही.

सबंध काचेची इमारत उन्हात तापते. पडदा आत लावला तरी उष्णता काचेतून आत आलेलीच असते. ऊन काचेवर पडण्याआधीच अडवायला हवं. म्हणून आयरमान प्रत्येक मजल्याभोवती बाहेरून एक अरुंद फिरती वाट काढतो, तिच्या बाहेरच्या कडेला बारीक पाइपांची चौकट उभी करतो आणि त्या चौकटीत पडदे किंवा झडपा बसवतो. काच सावलीत राहते. काच पुसणारा माणूस दोरीला न लटकता त्या वाटेवरून चालत काम करतो. आग लागली तर बाहेर निघायला जागा आहे. पाऊसही काचेवर थेट आपटत नाही.

आणि हे सगळं झाल्यावर ते सुंदरही दिसतं, कारण भिंतीच्या पुढे दुसरी, हवेशीर भिंत तयार होते. वॉशिंग्टनमधल्या जर्मन दूतावासाची १९६४ मध्ये उघडलेली कचेरी अशीच, उतारावर पायऱ्यांसारखी बसवलेली, उन्हाला अडवायला लाकडी पट्ट्या. त्याच आवारात राजदूताचं निवासस्थान आहे. ते पुढे नव्वदच्या दशकात ओस्वाल्ड माथियास उंगर्सने बांधलं. उंगर्स हा आयरमानचाच विद्यार्थी, पण गुरूच्या अगदी उलट, जाडजूड आणि भारदस्त. गुरुशिष्यांची ही जुगलबंदी एकाच कुंपणात बघायला मिळते.

बॉनमधली 'लंबू ऑयगेन' ही काय भानगड आहे?

बॉन पश्चिम जर्मनीची राजधानी होतं तेव्हा खासदारांच्या कचेऱ्यांसाठी आयरमानने १९६६ ते १९६९ मध्ये बांधलेला मनोरा, जवळपास ११५ मीटर उंच. तो व्हावा म्हणून संसदेचे अध्यक्ष ऑयगेन गेर्स्टेनमायर यांनी जोर लावला. ते स्वतः बुटके. म्हणून लोकांनी इमारतीला 'लांगर ऑयगेन', म्हणजे लंबू ऑयगेन, म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायम झालं. संसद १९९९ मध्ये बर्लिनला गेली. २००६ पासून तिथे संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं आहेत. ऱ्हाइनच्या काठाने चालत गेलात तर चुकणार नाही.

ब्रुसेल्सच्या १९५८ च्या जागतिक प्रदर्शनाचा इतका उल्लेख का होतो?

कारण त्याआधी, १९३७ च्या पॅरिसमधल्या मोठ्या प्रदर्शनात, जर्मनीने हिटलरचा आर्किटेक्ट आल्बेर्ट श्पेअर याचा दगडी मनोरा आणि वर गरुड असा थाट मांडला होता. एकवीस वर्षांनी, मधलं सगळं घडून गेल्यावर, जगापुढे कसं उभं राहायचं? आयरमान आणि सेप रुफ यांनी आठ काचेचे मंडप झाडांमध्ये विखुरले आणि पुलांनी जोडले. त्यात मध्यभागी मोठं काही नाही आणि दरारा तर नाहीच. बागेत कुणीतरी हलकेच येऊन बसावं तसं. प्रदर्शन संपल्यावर मंडप उतरवले. प्रवेशाचा पादचारी पूल मात्र ड्युसबुर्गला नेऊन महामार्गावर बसवला. गाडीने जाताना तो डोक्यावरून जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता टेबलाचं सांगा. चार पाइप आणि एक फुली, यात डिझाइन ते काय?

माझ्या टेबलाशी येऊन हा प्रश्न विचारणाऱ्याला मी एक गोष्ट करायला सांगतो: कडेला धरून टेबल डावीकडे-उजवीकडे हलवा. हलत नाही. आता मनातल्या मनात फुली काढून टाका. दोन बाजूंना दोन चौकटी, वर सुटी फळी. ढकललंत की पत्त्यांच्या घरासारखं आडवं होईल. मांडव घालणारा माणूस खांबांमध्ये तिरका बांबू का बांधतो, त्याचंच हे उत्तर.

१९५३ मध्ये कार्ल्सरुहेला ही चौकट तयार झाली. ड्रॉइंगची मोठी फळी पेलेल, स्वस्त असेल आणि कुठेही ठेवता येईल असं काहीतरी हवं होतं. फुलीशिवाय टेबल उभं राहणार नाही, पण फुली मधोमध सरळ घातली तर बसणाऱ्याचे गुडघे आपटणार. आयरमानने ती तिरकी केली: खालून मागच्या बाजूने निघते आणि वर पुढे झुकते. पाय पसरायला जागा मिळाली. वर फळी नुसती ठेवायची, स्क्रूसुद्धा नाही. काच ठेवा, दार ठेवा, प्लायवुड ठेवा.

सगळ्या इमारतींमध्ये तो हेच करतो. वजन कुठून कुठे जातं ते झाकत नाही आणि जिथे पाइप बारीक चालेल तिथे जाड घालत नाही.

'आयरमान १' आणि 'आयरमान २' यांत फरक काय?

१ म्हणजे वर सांगितलेलं, तिरक्या फुलीचं. मूळ चौकट वेल्ड केलेली, एकसंध. २ हे १९६५ चं, फुली सरळ उभी आणि चौकट सुटी करता येणारी. ते घडवण्यात कार्ल्सरुहे विद्यापीठाच्या वर्कशॉपचा प्रमुख आडाम वीलांड याचा मोठा हात आहे. कारागिराचं नाव अशा गोष्टींत सहसा गाळलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो.

सुटी चौकट कशाला हवी होती, हे मला माझं घर बदलताना कळलं. माझी जुनी, वेल्ड केलेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना वळणाचा. वजन काहीच नव्हतं, मी एकट्याने उचलली. पण दुसऱ्या वळणावर एक पाय कठड्यात आणि फुलीचं टोक भिंतीत. पुढे जाईना, मागे येईना. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई पिशवी घेऊन माझ्यामागे शांतपणे उभ्या होत्या. शेवटी त्यांनीच सांगितलं की ती उभी करा आणि डोक्यावरून फिरवा. भिंतीवरचा ओरखडा मात्र घरमालकाने डिपॉझिटमधून कापला.

त्याच्या खुर्च्यांमध्ये ओळखीची कोणती?

जर्मनीत राहत असाल तर बसला असाल, माहीत नसेल एवढंच. 'एसई ६८' ही पोलादी पाइप आणि वाकवलेल्या प्लायवुडची खुर्ची १९५० च्या आसपासची. बैठक वेगळी, पाठ वेगळी, मध्ये मोकळी जागा. शाळा, चर्चचे हॉल, पालिकेच्या प्रतीक्षा-खोल्या, सगळीकडे. अमेरिकेतल्या ईम्स जोडप्याच्या खुर्च्यांचा प्रभाव त्यावर स्पष्ट आहे, ते कुणी नाकारतही नाही.

माझी आवडती 'एसई १८', घडीची लाकडी खुर्ची. एका हाताने मिटते आणि भिंतीला टेकवून ठेवता येते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५३ मध्ये तिला 'गुड डिझाइन' म्हणून निवडलं. लग्नाच्या हॉलमधल्या आपल्या लोखंडी घडीच्या खुर्चीत बोट चिमटलं नाही असा मराठी माणूस विरळा. ही त्या बाबतीत फार सज्जन आहे.

दोन्ही खुर्च्या एस्लिंगेनच्या विल्डे उंड श्पीथ कंपनीने काढल्या. या कंपनीचा मूळ धंदा खिडक्यांच्या गुंडाळत्या झडपांचा. युद्धानंतरच्या टंचाईत फर्निचरवाल्यांकडे बसायला नीट असं काही नव्हतं, आणि आयरमानला त्याच्या इमारतींत ठेवायला खुर्च्या हव्या होत्या.

वेताची ती टोपलीसारखी खुर्चीही त्याचीच?

हो, 'ई १०'. आत सांगाडा नाही, हे तिचं वैशिष्ट्य. वेताच्या खुर्चीत सहसा आत लाकडाचा किंवा लोखंडाचा आधार असतो आणि वेत वरून गुंडाळतात. इथे विणीलाच भार पेलायचाय, टोपली पेलते तसा. फ्रांकेन भागातल्या हाइनरिश मुरमान या विणकराकडे ती तयार झाली. पोलादात रमणाऱ्या माणसाला वेत कसा सुचला, असं लोक विचारतात. मला तर त्यात काही वेगळं दिसत नाही. इथेही जे उचलतं तेच दिसतं.

जुनं आयरमान फर्निचर विकत घेताना काय बघावं?

टेबल असेल तर फुली जिथे चौकटीला मिळते तिथलं वेल्डिंग. बोट फिरवून बघा, तडा असेल तर लागतो. मग फळी काढून नुसती चौकट हलवा, ती डुगडुगायला नको. खुर्ची असेल तर उलटी करा आणि प्लायवुडच्या कडा बघा, थर सुटलेत का. रंग उडालेला असला तर घाबरू नका. आणि 'आयरमान-स्टाइल' लिहिलेलं असेल तर ते आयरमान नाही. नवं घ्यायचं तर टेबल आणि वेताची खुर्ची रिशार्ड लामपेर्ट ही स्टुटगार्टची कंपनी बनवते, लाकडी आणि पाइपच्या खुर्च्या अजूनही विल्डे उंड श्पीथ.

महाराष्ट्राशी काही संबंध?

त्याने आपल्याकडे काही बांधलेलं नाही, तेव्हा ओढूनताणून जोडण्यात अर्थ नाही. संबंध आहे तो माणसांचा. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, आणि महाराष्ट्र व बाडेन-व्युर्टेम्बेर्ग (स्टुटगार्ट ज्यात आहे ते राज्य) यांच्यात २०१५ पासून भागीदारी आहे. त्यामुळे इकडे मराठी मुलांची ये-जा भरपूर, आणि आयरमानचं बरंचसं काम याच राज्यात आहे. कार्ल्सरुहेला शिकणाऱ्यांनी आर्किटेक्चर विभागात 'आयरमान हॉल' शोधावा. त्याची मूळ ड्रॉइंगं आणि कागदपत्रं त्याच विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

त्याची शेवटची कामं कोणती?

फ्रँकफर्टचे ऑलिवेटी या टाइपरायटरवाल्या इटालियन कंपनीचे दोन मनोरे आणि स्टुटगार्ट-फाइहिंगेनमधलं आयबीएमचं मुख्यालय. दोन्ही १९७२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण झाली. ऑलिवेटीचे मनोरे काँक्रीटच्या देठांवर उभे आहेत, वर उमलत गेलेल्या पेल्यांसारखे. आयुष्यभर बारीक पाइपांत रमलेल्या माणसाने जाता जाता एकदा काँक्रीटला मोकळं सोडलं.

आयबीएमच्या इमारती जंगलाच्या कडेला, बुटक्या, एकमेकींना जोडलेल्या. कंपनीने २००९ मध्ये जागा सोडली. संरक्षित वारसा असल्याने पाडता येत नाही, आणि एवढ्या मोठ्या आवारात नवं काय आणायचं हे ठरता ठरत नाही. वर्षानुवर्षं त्या रिकाम्या पडल्या. बाहेरच्या वाटांवर झाडं उगवलेली बघून वाईट वाटतं.

मी स्टुटगार्टला आहे आणि हातात एकच दिवस आहे. काय बघू?

सकाळी फोर्त्सहाइम. आधी फोन करून चर्च उघडं आहे का विचारा, नाहीतर बंद दाराबाहेरून काँक्रीटचे ठोकळे मोजत बसाल. पूर्वेच्या भिंतीतून ऊन येतं तेव्हा गेलात तर उत्तम. मग पुढच्या गाडीने कार्ल्सरुहे, विद्यापीठाचं आवार पायी. तिथलं त्याचं छोटं प्रायोगिक वीजघर बघा, पन्नासच्या दशकातलं. बाडेन-बाडेनचं त्याचं स्वतःचं घर खासगी आहे, तिकडे उगाच जाऊ नका. संध्याकाळी परत आलात की माझ्याकडे चहाला या. टेबलाखाली वाकायचं असेल तर आधी कप बाजूला ठेवा, फळी सुटी आहे.